दोन चात्यांची गिरणी

असल्फा, घाटकोपर
रविवार, ता. १३ जानेवारी १९८५
सकाळचे साडेदहा, स्टोव्हवर भाताचे पातेले ठेवून लिहीत आहे

ती. सौ. सुगंधाताईस,
सहदेवचा शि. सा. न. वि. वि.

तुझी हजार रुपयांची मनीऑर्डर पोचली. काजूचे पैसे तू घरात न सांगता पाठवलेस, याची मला रोज धास्ती वाटते. भावोजींनी विचारले तर माझे नाव सांग, पण शक्यतो विचारू देऊ नकोस.

बाबा आहेत तसेच आहेत. गिरण्यांचा संप मिटला असे कोणी सांगितले नाही आणि चालू आहे असेही आता कोणी म्हणत नाही. त्यामुळे ते तीन वर्षे दारात बसून आहेत. दाढी आठवड्याने करतात. शिमग्यापर्यंत काम मिळाले नाही तर तू येऊन त्यांना नेरूरला घेऊन जाणार, हे मी त्यांना वाचून दाखवले. जावयाच्या पडवीत बसून फुकटचे जेवणार नाही, एवढेच म्हणाले आणि पेपरची घडी पुन्हा घातली. म्हणून विजेच्या चरख्याचे लवकर जमवले पाहिजे. विक्रोळीची संस्था पेळू देते आणि कातलेले सूत परत घेते, पण मशीन आपले लागते.

आतापर्यंत तीन मशीन बघितली. पहिले मुलुंडला, प्रदर्शनात. चार चात्या, म्हणजे एकदम चार धागे, हिरवा रंग, किंमत सोळाशे पन्नास, हप्त्याने. विकणारा म्हणाला, आवाज अजिबात येत नाही. खरोखर येत नव्हता, कारण त्याने पेळू लावलेच नव्हते. लावायला सांगितले तर म्हणाला, प्रदर्शनात कचरा होतो.

दुसरे बोरिवलीला प्रेमाबाई म्हणून आहेत त्यांच्याकडे, वापरलेले, एक चाती, चारशे रुपये. मिस्टर रिटायर झाल्यावर त्यांचे मन रमावे म्हणून घेतले होते. एका दुपारी ते रमले. आता त्यावर मनीप्लँटची बाटली असते. मशीन विकायचे आहे, पण बाटली कुठे ठेवायची हे अजून ठरत नाही, असे बाई म्हणाल्या.

तिसरे साकीनाक्याला विद्याधर मिस्त्रीच्या शेडमध्ये. शिलाई मशीनची मोटर, दोन चात्या, पायाने दाबायचे बटण, साडेआठशे. चालू मशीनवर मी पाण्याचा भरलेला ग्लास ठेवला. थोडेच सांडले. मोटर अर्ध्या तासाने गरम होते, पण हात ठेवता येतो. मी तक्ता केला आहे: किंमत, आवाज, हादरे, धागा किती वेळा तुटतो, पट्टा कुठे मिळतो. मुलुंडच्या मशीनचे दोन रकाने रिकामे आहेत. म्हणून पुढच्या रविवारी पुन्हा जाणार.

बाबांना साकीनाक्याला नेले होते. त्यांनी चातीवर बोट फिरवले आणि मिस्त्रीला विचारले की बाकीच्या कुठे आहेत. त्यांच्या खात्यात एका साच्याला चारशे असत. मिस्त्रीला वाटले, मोठी ऑर्डर आहे. त्याने चहा मागवला.

भात लागत आहे. लोभ आहेच, तो पैसे परत येईपर्यंत तरी टिकावा.

तुझा,
सहदेव


नेरूर, ता. कुडाळ
२१ जानेवारी ८५

चि. सहदेव यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

मेल्या, तू मशीन बघतोस की मुलगी? मुलुंडची गोरी पण बोलत नाही, बोरिवलीची एकदा नांदून आलेली, साकीनाक्याची गरम डोक्याची. बघण्याचे कार्यक्रम करत बसलास तर शिमगा येईल नि जाईल. तुझ्या तक्त्यात एक रकाना राहिला आहे तो मी सांगते: बाबांनी कुठल्या मशीनला हात लावला? एकालाच ना? मग घे काय तां ताच.

ह्यांना पैशांचं कळलं. पोस्टमनने भर अंगणात विचारलं, मुंबईचे पैसे पोचले काय म्हणून. हे दोन दिवस बाजारात गेले नाहीत. पण मनाने वाईट नाहीत. पडवीतली लाकडं काढून त्यांनी बाबांसाठी जागा केली आहे. बाबांना तेच नको आहे हे मी त्यांना कसं सांगू? आपलं घर काकांच्या वाट्याला गेलं, तेव्हापासून बाबा गावात पाऊल ठेवायचं नाव काढत नाहीत. मला त्यांना बघून तीन वर्षं झाली. काम मिळालं तर तिथे सुखात राहोत. नाही मिळालं तर मी रडून ओरडून आणणार, आणि ते इथे येऊन मान खाली घालून जेवणार. मला दोन्ही नको वाटतं, पण तीन वर्षं असं दारात बसणं त्याहून नको.

बाबांना नमस्कार सांग. माया आहे म्हणून शिव्या आहेत, हे लक्षात असू दे.

ताई


असल्फा
रविवार, ता. ३ फेब्रुवारी १९८५

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मशीन घेतले. साकीनाक्याचे. सव्वीस जानेवारीला सुट्टी होती म्हणून हातगाडीवरून आणले. वाटेत तीन जणांनी विचारले की घरघंटी कितीला घेतली.

संस्थेने गेल्या सोमवारी पेळू दिले. तेवीस फेब्रुवारीपर्यंत शंभर गुंड्या सूत दिले तर बाबांचे नाव कायम धरतील. गुंडीला पंच्याहत्तर पैसे. नाही दिले तर पुढच्याचा नंबर लागेल. म्हणजे शिमग्याच्या आधीच काय ते कळेल.

आता जे झाले ते सांगतो, हसू नकोस. पहिल्या दिवशी बाबांनी दाढी केली, खाकी शर्ट घातला, मशीनसमोर बसले आणि बटण दाबलेच नाही. मी विचारले तर म्हणाले, एकट्याने खाते चालत नाही. दुसऱ्या दिवशी मानखुर्दहून अंबादासकाका आले आणि मागच्या आळीतले नाना आले. तिघेही एकाच खात्यातले. तिघांनी मशीनभोवती फेरी मारली आणि तीन पाळ्या ठरवल्या. नाना जॉबर, म्हणजे पाळीचे मुकादम झाले, कारण तिथेही ते जॉबर होते. अंबादासकाका बदली, कारण तिथेही ते सतरा वर्षे बदलीच होते. मी म्हटले, काका, इथे तरी कायम व्हा. त्यावर नाना म्हणाले की असे कोणालाही कायम केले तर शिस्त राहत नाही.

खोली दहा बाय बारा आहे. पाळी बदलताना जाणारा उठायच्या आधी येणारा येतो आणि दोघे मशीनवर हात ठेवून एकमेकांना हवाला देतात: डावी चाती जरा ओढते, बघून घे. शेजारच्या शांताबाई कुकरची शिट्टी झाली की भिंतीवर थाप मारतात, तोच भोंगा धरला आहे. वीज त्यांच्याच मीटरवरून घेतली आहे, त्यामुळे त्यांनाही विचारावे लागते.

सूत बरे निघते. पण मी कामावरून आलो की मागे उभा राहून बघतो. धागा तुटला की जोडायला कोणाला किती वेळ लागतो, हे घड्याळ लावून लिहितो. मशीनचा तक्ता होताच, त्याच्याच मागच्या बाजूला नवीन आखला आहे. अंदाज यायला बरा.

बाबा दोन वेळा पोटभर जेवतात. लोभ आहे, तो असाच राहू द्यावा.

सहदेव


असल्फा
सोमवार, ता. ११ फेब्रुवारी १९८५

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

वाट लागली आहे. काल सकाळपासून संप आहे.

कसा झाला ते लिहितो. मी तक्ता भिंतीला लावला. त्यात तीन नावे आणि पुढे आठवड्याच्या गुंड्या. अंबादासकाका एकोणीस, नाना चौदा, बाबा अकरा. माझा हेतू एवढाच होता की कोणाला कोणती वेळ सोयीची ते कळावे. बाबांनी चष्मा लावून वाचले. मग चष्मा काढून म्हणाले, सहदेव, तू मुलुंडचे, बोरिवलीचे आणि साकीनाक्याचे असेच लिहिले होतेस ना? मी हो म्हटले. त्यांनी मशीनवर टॉवेल टाकला आणि बाहेर जाऊन बसले. नानांनी सांगितले की खाते बंद आहे.

मी अंबादासकाकांना गाठले. त्यांचा आकडा पहिला आहे, तर त्यांना तरी राग नसावा असे मला वाटले. ते म्हणाले, पोरा, तुझ्या बापाची, गुणाजीची बोटं तीन वर्षं बंद होती, माझी मी मानखुर्दला गोधड्या शिवून चालू ठेवली, एवढाच फरक आहे. आता मी आत गेलो तर फुटलो असं होईल.

मागण्या लेखी आल्या आहेत. अक्षर नानांचे. मालकाने पाठीशी उभे राहून घड्याळ बघू नये. तक्ता काढावा. अंबादास यांस कायम करावे. पाळीला तीन चहा. शिमग्याची पंधरा दिवसांची भरपगारी रजा.

ताई, मालक म्हणजे मी. मी बटणाच्या कारखान्यात पाकिटे भरतो आणि घरी आलो की मालक होतो. दारात तिघे बसलेले असतात. मी आत जाताना त्यातले दोघे घोषणा देतात आणि बाबा नुसते बघतात. जेवायला मात्र आत येतात. कालवण तिखट झाले एवढेच बोलले. बासष्ट गुंड्या झाल्या आहेत, अडतीस राहिल्या. तक्ता मी तेव्हाच काढला, पण नाना म्हणतात, असा गुपचूप काढलेला धरत नाहीत. काय करू ते लगेच लिही.

सहदेव


नेरूर
१४ फेब्रुवारी ८५

चि. सहदेव यास आशीर्वाद.

हे पत्र ह्यांचा भाचा कुडाळहून मुंबईला येतोय त्याच्या हाती देते, उद्या पोचेल.

बाबांना तक्त्यात घातलंस? मशीनच्या मागच्या पानावर? वाचून मी चुलीपुढे नुसती बसून राहिले. चूल विझली तेव्हा सासूबाईंनी विचारलं, कोण गेलं काय.

पैसे माझे, म्हणजे मालकीण मी. तेव्हा मालकीण म्हणून कळवते की सगळ्या मागण्या मंजूर. आणि तू मॅनेजर म्हणून बाबांची माफी मागायची. ही मागणी त्यांनी घातली नाही, ती मी घालते. हल्लीच्या हल्ली मशीन चालू व्हायला हवं. शिमग्याला मला बाबा कामाला लागलेले हवेत, हरलेले नकोत.

ह्यांना सगळं सांगितलं. हे पहिल्यांदा हसले. मग म्हणाले, तुझे बाबा संपावर आहेत म्हणजे कामावर आहेत. मला ते पुष्कळ बरं वाटलं.

राग गेला की माया राहील, तोपर्यंत दम धर.

ताई


असल्फा
रविवार, ता. २४ फेब्रुवारी १९८५

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझे पत्र मिळाले त्याच संध्याकाळी मी बाहेर जाऊन सांगितले की सगळे मंजूर. मला वाटले, आनंद होईल. नाना म्हणाले, हे काय झाले, याला बोलणी म्हणत नाहीत. शेवटी बाबांनी मला बाजूला नेऊन समजावले, जसे लहानपणी बुटाची नाडी शिकवताना समजावत. म्हणाले, एवढ्या मोठ्या संपात आम्हाला समोर बसवून कोणी काही विचारले नाही. नाही म्हणायलासुद्धा कोणी आले नाही. तू निदान काहीतरी नाकार.

म्हणून मी तिसरा चहा नाकारला. मग शांताबाईंच्या खोलीत चटई घालून बसलो. त्यांचे मीटर म्हणून त्याही बसल्या. तिघे इस्त्रीचे शर्ट घालून आले होते. चहावर दीड तास गेला. त्यांनी तीन मागितले, मी दोन म्हटले, अंबादासकाका अडीचवर आले, नानांनी त्यांना अडवले. मी वाढत्या महागाईचे कारण दिले तेव्हा बाबांच्या चेहऱ्यावर समाधान दिसले. दोन चहा आणि तिसरा अर्धा, यावर मिटले. माफी मी मागितली. बाबा म्हणाले, ती कागदावर नको.

करार मी स्वच्छ अक्षरात तीन प्रतींत लिहिला. सह्या झाल्या. अंबादासकाकांनी आपली प्रत परत उघडून वाचली. त्यांना कायम केल्याची ओळ दुसरी आहे. बायकोला दाखवायला नेतो म्हणाले.

मशीन सुरू झाले. तिघेही आपल्या पाळीत बसत होते आणि दुसऱ्याच्या पाळीत पेळू जोडून देत होते, ते करारात नव्हते. मी मागे उभा राहिलो नाही. काल दुपारी शंभर गुंड्या विक्रोळीला दिल्या. संस्थेच्या बाईंनी चार उलगडून बघितल्या आणि नाव कायम केले. नाव कोणाचे लिहू, असे विचारले. मी गुणाजी सांगितले, बाबांनी तिघांची सांगितली.

आता मुख्य गोष्ट. बाबा येत आहेत. मी काही म्हटले नव्हते. काल रात्री जेवताना म्हणाले की रजा शुक्रवारपासून घेतो, सुगंधाकडे जाऊन येतो. मी गडबडून पडवीचे बोललो, तर माझ्याकडे असे बघितले की मलाच काही कळत नाही. म्हणाले, बसून खायला जातो आहे का, रजेवर जातो आहे. आज सकाळपासून आळीत सहा जणांना सांगून झाले की हक्काची रजा आहे, भरपगारी. रजेच्या पगाराचे पैसे मोजून घेतले आणि सही केली. तुझ्या मुलीला फ्रॉक घेतला आहे. लाल आहे, मापाचे माहीत नाही.

सोळा मार्चला पहिल्या पाळीला हजर व्हायचे आहे. तू ठेवून घेशील हे त्यांना माहीत आहे. पूर्वी गिरणीत रजा वाढवायला गावाहून डॉक्टरचे सर्टिफिकेट यायचे, तसले पाठवायचे नाही असे नानांनी बजावले आहे. तरी आठ दिवसांचे पाठवलेस तर जॉबर बघून घेईल, असेही तेच म्हणाले.

भावोजींना नमस्कार. लोभ आहे तो बाबांसोबत पाठवत आहे, पोचल्याचे कळव.

हिशोब खाली देत आहे.

जमा: तुझी मनीऑर्डर १०००. संस्थेकडून सुताचे ७५.
खर्च: मशीन ८५०. हातगाडी २०. पट्टे दोन १२. चहा, साखर, दूध ५८. शांताबाईंचे मीटर २५. तिघांची मजुरी २५ प्रमाणे ७५. बाबांची रजा, १५ दिवस, ३०.
शिल्लक: ५.
देणे: तुला १०००. बाबांच्या जागी शुक्रवारपासून दुसऱ्या पाळीला बदली म्हणून मला घेतले आहे, त्याचा पाळीला एक चहा. नाना म्हणतात, काम बघून देऊ.

तुझा,
सहदेव