आबा, तुमच्या रायफलीला कोणता स्कोप बसवू?

प्रिय आबा,

दादा कालपासून नीट जेवला नाही. तुमच्या रायफलीवरचा नवा स्कोप त्यानं आज काढला, माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाला, "शके, आता तूच निवड. म्या न्हाई निवडत." बंदुकीतलं मला काय कळतंय? म्हणून तुम्हालाच विचारायला बसले.

तुम्ही गेल्यावर रायफल दादाच्या नावावर झाली. रानडुकरांनी यंदा भाताचा पार चिखल केला, तेव्हा वनखात्याची परवानगीही मिळाली. तुम्ही नळीवरच्या बारीक लोखंडी माशीवरून नेम धरायचात. दादाला चष्म्यातून ती माशीच दिसेना. मग नेम धरायची दुर्बीण, हा स्कोप आला, तोही दुकानातला सगळ्यात मोठा! लांबचं नाकाशी आणणारा. अहो, विंझरच्या आपल्या वावरात लांब असतंय काय? त्यातून डुक्कर बघावं तर नुसते केस दिसतात, तोंड कुठलं नि ढुंगण कुठलं तेही कळत नाही. वर पावसाची भुरभुर लागली की काच आतून धुरकट.

काल दिवेलागणीआधी दादा शेतातल्या माळ्यावर बसला होता. बांधाशी काहीतरी काळं, वाकलेलं हललं. काय आहे ते बघायला त्यानं स्कोप डोळ्याला लावला. म्हणजे रायफलच रोखली की हो! स्कोपभर नुसतं काळं. बोट चापावर गेलं. तेवढ्यात त्या काळ्यातून बांगड्यांचा हात बाहेर आला.

आई होती, आबा. डोक्यावरून घोंगडीची खोळ घेऊन फुटलेला बांध लिंपत होती.

घरी येऊन पाय धुताना तिनंच विचारलं, "डुक्कर आलं व्हतं का रं?" दादा तसाच उठला. गोठ्यात जाऊन लेकरासारखा रडला. तिथं त्यानं मला सगळं सांगितलं. मी पाठीवरून हात फिरवत राहिले, दुसरं काय करणार?

तुम्ही माळ्यावर चढायच्या आधी शिवारभर हाळी द्यायचात, "कोण हाय रं रानात?" सगळ्यांनी ओ दिल्याशिवाय काडतूस भरायचा नाहीत. आई किती चिडायची! "सारखं काय वरडताय, हितंच हाय मी!" आम्हाला तो तुमचा तऱ्हेवाईकपणा वाटायचा. तुम्ही कधी कारण सांगितलं नाहीत. का नाही सांगितलंत हो? दादाला नेम शिकवलात आणि हे तेवढं राहिलं. तुमच्यामागं ती हाळीच बंद पडली.

मला आपलं असं वाटतं, चुकत असेन तर स्वप्नात येऊन रागवा. स्कोप लहान घ्यावा, कमी मोठं दाखवणारा, म्हणजे डुकरासोबत आजूबाजूचा बांधही दिसेल. अंधुक उजेडातही काच उजळ हवी, आत वाफ न धरणारी. आणि बघायला गळ्यात वेगळी साधी दुर्बीण. नुसतं बघायला रायफल उचलायचीच नाही.

स्कोप काढून ठेवल्यापासून दादा रायफलीला हात लावत नाही. त्याला थोडे दिवस देऊ या. तो वाईट नाही हो, घाबरलाय फार.

आई रोज दिवा लावताना तुमच्या फोटोशी बोलत बसते. यातलं तिला काही कळू देऊ नका. ती घरात माझ्या डोळ्यांपुढं असल्याशिवाय मी दादाला माळ्यावर चढू देणार नाही, आबा. शब्द देते.

तुमची लेक,
शकू