हार घातलेला फोटो

अहो,

"हिचा आवाज मला कुठूनही घरी ओढून आणेल," असं तुम्ही उत्कर्षाच्या बारशाला हसत म्हणाला होतात. ती सात वर्षांची असताना तुम्ही वाघोलीला दुसरा संसार थाटलात.

टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेसाठी निवड करणाऱ्या बाई तिला म्हणाल्या, "गळा छान आहे गं. पण असे शंभर गळे बाहेर बसलेत. तुझी गोष्ट काय?"

ती म्हणाली, "बाबा वारले."

चॅनेलवाले धायरीला घरी शूटिंगला आले, तेव्हा तुमच्या फोटोला तिनंच हार घातला. मी गप्प राहिले. ते पाहून परीक्षक रडले, लोकांनी भराभर एसएमएस केले आणि पोरगी अंतिम फेरीत पोहोचली.

काल वन्संचा फोन आला. "वहिनी, दादा रविवारी अंतिम फेरीला येतोय. म्हणतो, मेलेल्या बापालाही पोरीचं गाणं समोर बसून ऐकायचंय."

अहो, ती खरंच चांगली गाते. पण तुम्ही दिसलात, तर तिचं गाणं कुणीच ऐकणार नाही. हे पत्र टाकायचाही धीर होत नाही. तुम्ही ते चॅनेलवाल्यांनाच दाखवाल. तुम्ही माझं कधी ऐकलं नाहीत. तरी पाया पडते, इतकी वर्षं आला नाहीत, तसेच रविवारीही येऊ नका.

शालन