अखाजीचं गाणं: मूळ पाठ

९ मार्च, धुळे.
यूट्यूबवर रत्न सापडलं. कुणा अभ्यासकाने चाळीस वर्षांपूर्वी भडगावकडे टेप केलेलं अखाजीचं, म्हणजे अक्षय्य तृतीयेचं, गाणं. झोक्याची करकर, बांगड्या आणि एका बाईचा आवाज. नाव दिलेलं नाही. मध्येच एक पोरगं किरकिरतं, रसभंग होतो. आत आई खोकत होती. दार लोटून पुन्हा ऐकलं.

१० मार्च.
आई म्हणाली, हाऊ आवाज मना शे. मी कॉलेजात इतिहास शिकवतो. आवाज तिचाच, याचा पुरावा मागितला. तिने टेपच्या आधीच पुढची ओळ म्हटली. गाणं पाठ असणं हा पुरावा नव्हे. तेवढ्यात टेपमध्ये कुणी ओरडलं, मंजुळा, पोऱ्याले उचल. मंजुळा हे आईचं नाव. आई म्हणाली, तो रडका पोऱ्या तूच शे. मान्य केलं. मी सख्ख्या आईशी एवढा कठोर का, असं स्वतःला विचारलं. प्रामाणिकपणा, दुसरं काय.

१४ मार्च.
आईच्या घशाचा रिपोर्ट आला. कॅन्सर. २ एप्रिलला जळगावला ऑपरेशन, स्वरयंत्र काढणार. आवाज राहणार नाही.
निश्चय: त्याआधी आईची सगळी गाणी रेकॉर्ड करायची. रोज एक.

१५ मार्च.
आई नवं लुगडं नेसून बसली. बायको कोकिळा म्हणाली, फोनवरच घ्या. फोनवर? पुढच्या पिढ्या काय म्हणतील? माइक मागवला.

२२ मार्च.
माइक आला. शेजारी बोअरिंगचं काम सुरू. आई म्हणाली, मी जोरबन म्हणसू. तिला नैसर्गिक आवाजाचं महत्त्व समजावलं. कोकिळा म्हणाली, अहो, बोअरिंग पुढच्या महिन्यातही चालेल, आईंचं तसं नाही. स्वभाव टोचरा आहे तिचा.

२८ मार्च.
आधी तालीम. टेपमध्ये बहिणीला माहेरी न्यायला 'थोरला भाऊ' येतो. आई 'धाकला' म्हणते. तिला मूळ पाठ ऐकवला. म्हणाली, थोरला मरी गया ना, म्हणीसन धाकलाले बलावस मी. भावना पोचली. पण पाठ म्हणजे पाठ. दर वेळी थांबवून सुधारलं. शेवटी तिचा घसाच बसला. परवा घेऊ.

१ एप्रिल, जळगाव.
हॉस्पिटलच्या खोलीत रेकॉर्डिंग एकदाचं झालं. आधी माझी प्रस्तावना, मग आई. लवकर दमली. सुरुवात झाली हे महत्त्वाचं.

१९ एप्रिल, धुळे.
आईला घरी आणलं. गळ्याला भोक आहे, त्यातून श्वास घेते. फाईल उघडून ऐकली. प्रस्तावना उत्तम, माझे उच्चार स्वच्छ. मग आई: 'धाकला भा...' मग मी: 'थांब. थोरला.' मग खाटेची करकर. पुढे काही नाही.
आईला ऐकवलं. प्रस्तावना सुरू असतानाच तिने हाताने खूण केली, बंद कर. भरून आलं असावं.

३० एप्रिल, अखाजी.
समोरच्या लिंबाला झोका बांधलाय. पोरी गात होत्या. आई दारात बसून ओठ हलवत होती. माइक अगदी जवळ धरला. नुसत्या पोरी रेकॉर्ड झाल्या.
ओठांवरून तरी 'धाकला' म्हणाली असं वाटतं. पुरावा नाही.