पोच मिळेपर्यंत

३ जून, सोमवार
आजपासून ऑर्डरी पाठवण्याचं काम माझ्याकडे. दुकान बाथरूमच्या सामानाचं, कारखाना लांब. पूर्वी मालक फोनवर ओरडायचे. आता आमचा कॉम्प्युटर कारखान्याच्या कॉम्प्युटरला मेसेज पाठवतो. मेसेज म्हणजे रीतसर पाकीट: वर मथळा, मथळ्यात मेसेजचा नंबर, आत मजकूर. तिकडून पोच येते. याला प्रोटोकॉल म्हणतात. जगात एवढी शिस्त आहे हे आधी कळलं असतं तर मी कॉलेज अर्धवट सोडलं नसतं.

महिनाअखेर पर्मनंट करतो म्हणाले मालक. मग दादाच्या हॉलमधला सोफा सुटला. स्वतःची खोली!

५ जून
सिस्टिम बसवणारा इंजिनिअर चिठ्ठी ठेवून गेला. पोच आली नाही तर तोच मेसेज त्याच नंबराने पुन्हा पाठवा, म्हणजे तिकडे कळतं की ऑर्डर जुनीच आहे. चिठ्ठीत शुद्धलेखनाच्या दोन चुका. असल्या माणसाचा सल्ला जपून घ्यावा. एकाच नंबराचे दोन मेसेज म्हणजे शुद्ध गबाळेपणा. मी दर वेळी नवा नंबर देणार.

६ जून, रात्री
पोच पद्धत घरीही सुरू केली. वहिनींना म्हटलं, उद्या डबा लवकर हवा. उत्तर नाही. पुन्हा म्हटलं. चौथ्यांदा वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, गप्प आहे म्हणजे बहिरी नाही हो मी!"

७ जून
सकाळी ओट्यावर चार डबे. "चारदा मागितलात ना!" वहिनींचा स्वभाव विनोदी आहे.

१३ जून, सकाळी
मोठी ऑर्डर! नव्या लॉजला सहा बाथटब. पाठवली.

दुपारी
पोच नाही. नव्या नंबराने पुन्हा पाठवली.

चारनंतर
पोच नाही. पुन्हा. पुन्हा.

संध्याकाळी
आणखी दोनदा. चिकाटी हा माझा मूळ गुण. मालकांनी विचारलं, "गेली का रे ऑर्डर?" म्हटलं, गेली. यात खोटं काहीच नव्हतं.

१४ जून
सगळ्या पोचा एकदम आल्या! मेसेज पोचत होते, फक्त तिकडची उत्तरं अडकली होती म्हणे. प्रत्येक पोचेवर "स्वीकारली". प्रिंट काढून फाइलला लावल्या. फाइल देखणी दिसते. खोलीसाठी पडदे बघून ठेवावेत.

१८ जून, सकाळी
ट्रक आला. मालकांनी पाठीवर थाप मारली. मागे दुसरा ट्रक उभा आहे. शेजारच्या फर्निचरवाल्याचा असावा.

१८ जून, दुपारी
फर्निचरवाल्याचा नाही.

१९ जून
बाथटब दुकानात, जिन्यात, फुटपाथवर. माझी खुर्ची आत कुठेतरी आहे, म्हणून हे टबात बसून लिहितोय. इंजिनिअर आला. चिठ्ठी वाचली होती का, विचारलं. मी त्याला दोन्ही चुका दाखवल्या.

मालक म्हणाले, "मास्तर, उद्यापासून येऊ नकोस." मी गप्प. त्यांनी पुन्हा सांगितलं. मी गप्पच. तिसऱ्यांदा इतक्या जोरात सांगितलं की फर्निचरवाला बाहेर आला. शेवटी "मिळालं" म्हणालो, नाहीतर ते थांबले नसते.

रात्री
वहिनींना सांगितलं. उत्तर लगेच आलं, आणि एकदाच: "सोफ्यावर चादर घातलीय, भाऊजी."