पर्याय खोडत घेतलेली गिटार

अण्णा, गेल्या महिन्यात मी नांदेडात इलेक्ट्रिक गिटार घेतली. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली, मी चाळिशी ओलांडली, दातांची डॉक्टर झाले, स्वतःचा दवाखाना टाकला, आणि तरी त्या दुकानाच्या पायऱ्या चढताना कुणी ओळखीचं बघत नाही ना, म्हणून मी दोनदा मागे वळून पाहिलं. त्याचाच इतका संताप आला की तिथूनच मी मनात तुमच्याशी भांडायला लागले. ते भांडण अजून मिटलेलं नाही.

भूकंपानंतरचे ते दिवस आठवतात? लातुरातलं आपलं घर उभं होतं, पण भिंतींच्या जोडाला तडा गेला होता, म्हणून सगळी गल्ली मैदानावर ताडपत्र्या बांधून राहत होती. शेजारच्या पालात ऑर्केस्ट्रात गिटार वाजवणारे काका होते. मी दहा वर्षांची. दुपार आहे, वीज नाही, काका नुसत्याच तारा छेडत बसलेत. त्या लाल गिटारीचं अंग मानेपाशी एका बाजूने कापलेलं. मी विचारते, "काका, ही भूकंपात तुटली का?" ते पोट धरून हसतात. "न्हाई गं बाई, मुद्दाम कापलेली हाय. पार शेवटच्या सुरापर्यंत हात जावा म्हणून." मग ती माझ्या मांडीवर ठेवतात. मी जाड तार छेडते आणि तिची थरथर पोटाला जाणवते. इतके दिवस कसलीही थरथर झाली की मी किंचाळत होते. ही मला हवीहवीशी वाटली. तेवढ्यात तुम्ही आलात. मानेला धरून, मेलेलं कोंबडं उचलावं तशी ती गिटार माझ्या मांडीवरून उचललीत आणि काकांना म्हणालात, "ह्याला मार्क मिळतात का? पोरीला वाया घालवू नका." काकांनी मान खाली घातली. त्यानंतर त्यांनी मला कधीच हाक मारली नाही.

मग तुमचे गणिताचे क्लास निघाले. अंगणात पत्र्याचं शेड, जळकोटपासून मुदखेडपर्यंतची पोरं, आणि पहिल्या बाकावर मी. तुमचं एक वाक्य रोज ऐकलं: "उत्तर येत न्हाई? मग चुकीचे पर्याय खोडा. उरलं ते उत्तर." घरातही तेच. भूकंपानंतर तर तुम्हाला जोडाचा धसकाच बसला होता. कपाट असो की खुर्ची, "जोड दिसला की लांब राहायचं, जिथं जोड तिथं फाटतं," म्हणत तुम्ही ती वस्तू परत पाठवायचात. मी शाखा अशीच निवडली, नवराही असाच निवडला. खोडत खोडत.

त्या दिवशी गिटारही तशीच निवडायला गेले. वहीत तक्ता आखून नेला होता: किंमत, वजन, लाकूड, मान. एका बाजूने कापलेल्याच हव्यात, हे तेवढं पक्कं होतं. दुकानाच्या यादीत तशा पाच होत्या. त्यातली पहिली मी घरीच खोडली होती, कारण तिची मान अंगाला चार स्क्रूंनी जोडलेली होती. मान चिकटवलेली, जाडजूड, बजेटमध्ये बसणारी एक तेवढी उरली. दुकानदार माझ्याच वयाचा. तो वहीकडे बघत राहिला. "मॅडम, बजेट सांगितलं तुम्ही. वाजवणार काय, ते न्हाई सांगितलं." माझ्या तक्त्यात तो रकानाच नव्हता. पेशंटला दात काढायचा की वाचवायचा हे मी एका नजरेत सांगते, आणि मला कसला आवाज आवडतो हे मला माहीत नव्हतं! कधी कुणी विचारलंच नव्हतं. "वाजवून तर बघा की," म्हणत त्याने ती उरलेली गिटार माझ्या मांडीवर ठेवली. धोंड्यासारखी जड. आवाज भरदार, पण जाड मानेवर माझी बोटं पुरेनात. मग त्याने ती खोडलेली काढली. हलकी, चपटी, बारीक मानेची. तार छेडली आणि लख्ख, उघडा आवाज आला. मी म्हणाले, "पण हिला जोड आहे." तो म्हणाला, "जोड हाय म्हणून तर बरं. उद्या मान वाकली तर काढून दुसरी बसवता येते. चिकटवलेलीचं लई अवघड."

अण्णा, मला तिथे दुकानात ओरडावंसं वाटलं. नको ते खोडायला तुम्ही मला इतकं पक्कं शिकवलंत, की हवं ते समोर आलं तरी ओळखता येईना. शेकडो पोरांना हेच शिकवलंत आणि लोक तुमच्या पाया पडत होते. मीही पडत होते. तुम्ही घाबरला होतात, हे मला आता कळतं. भिंत फाटताना बघितलेला माणूस लेकीला पक्क्या नोकरीत चिणून टाकणारच. पण कळलं म्हणून राग जात नाही, आणि माझा गेलेला नाही.

हे पत्र कुठल्याच पत्त्यावर जायचं नाही, तेव्हा खरं लिहून टाकते. ती हलकीच गिटार घेतली. सकाळी दवाखान्यात जाण्याआधी अर्धा तास वाजवते, वाईट वाजवते. आणि दाराची बेल वाजली की, अण्णा, मी अजून ती घाईघाईने पलंगाखाली सरकवते.