शनिवारपर्यंतचं पाणी

बाबा,

तुमची नात चित्रकथा काढते. कागदावर नव्हे, मोबाइलवर. दर शुक्रवारी एक भाग येतो आणि लोक तो वाचून आपापसांत भांडतात. तिच्या कथेतल्या शहरात वीज नाहीच, सगळं वाफेवर चालतं. गाड्या, पाळणे, उडती जहाजं, पितळी पंख लावून टपाल वाटणारी माणसं. याला स्टीमपंक म्हणतात. वीज का नाही असं विचारलं तर म्हणाली, "आई, वीज दिसत नाही, वाफ दिसते." तुम्ही भाताच्या गिरणीतून आणलेला, काटा अडकून बसलेला प्रेशर मोजायचा डबा ती लहानपणी उशाशी घेऊन झोपायची, हे वेड तिथलंच असणार. मी तिला सांगितलं नाही, पण तुमचं म्हणणं उलट होतं. "दिसते ती वाफ थंड झालेली असते पोरी. खरी वाफ दिसत नाय. ती भाजते तवाच कलते."

कॉलेजात गेल्यावर मी तुम्हाला 'अहो बाबा' म्हणायला लागले, तेव्हा तुम्ही हसला होतात. "मी कंचा साहेब हाय?" म्हणालात. पण सवय झाली ती झाली, म्हणून आजही 'तुम्ही'च लिहिते.

तिच्या कथेत एक मुलगी आहे. तिचा बाप बॉयलरवर कामाला असतो आणि बॉयलर फुटून मरतो. दोष त्याच्यावर येतो आणि मुलगी खऱ्या गुन्हेगाराच्या शोधात शहरभर हिंडते. आपला बॉयलर फुटला त्या दिवशी तुम्ही मेला नव्हतात, नंतर अकरा वर्षं जगलात, हे मी तिला म्हटलं. ती म्हणाली, "मेला की गोष्ट सुटसुटीत होते." मागच्या शुक्रवारी तिने मोठा धक्का दिला. त्या मुलीला गिरणीची नोंदवही सापडते. बॉयलर फुटला बुधवारी, पण वहीत गुरुवार, शुक्रवार, शनिवार, तिन्ही दिवसांच्या नोंदी भरलेल्या. प्रेशर सात, पातळी दाखवणाऱ्या काचेत पाणी अर्धं. भाग तिथेच संपतो. ही वही तिच्या डोक्यातून आलेली नाही. ती तिला मी सांगितली होती, आणि शेवट मी माझ्या सोयीचा जोडला होता.

रविवारी तिचे चार-पाच वाचक आमच्या नवीन पनवेलच्या घरी जमले. मी घावन घालत होते आणि बाहेरच्या खोलीत तुमच्या वहीवर वाद चालला होता.

"टाइम ट्रॅव्हल. शंभर टक्के," एकजण म्हणाला.

"तुझं दर वेळी टाइम ट्रॅव्हलच असतं. मागे तिची मांजर हरवली तेव्हाही तू हेच म्हणाला होतास."

"बाप जिवंत आहे रे. बॉडी दाखवली का? नाही ना? बॉडी नाही म्हणजे मेला नाही. तो कुठेतरी लपून नोंदी लिहितोय."

"फुटलेल्या बॉयलरच्या? काय वेडा आहे का तो?"

"मालकाने नवी वही बनवली. घाईत शनिवारपर्यंत भरली आणि फसला," चष्मेवाला एक मुलगा म्हणाला. तुमची नात नुसती हसली, म्हणजे हेच ठरलेलं आहे हे मला कळलं. कळायचं काय होतं? तिला हे मीच सांगितलं होतं.

त्यांच्यात कामोठ्याच्या जुन्या गावातली एक मुलगी होती, कुठल्याशा लॅबमध्ये रक्त तपासते. ती ताटातलं घावन मोडता मोडता म्हणाली, "नाय रे. पोरीनंच लिवलंय ते."

"कुठल्या पोरीने?"

"हिरोइननं. बापाला लिवता येत नसंल तर कोन लिवनार? आमचा आजा मिठागरावर होता, हजेरी माझी आई लिवायची. शनवारी खेळायला जायचं असलं की सोमवारची पन लिवून टाकायची. एकदा आजारी मानूस हजर लावला नि आज्यानं जो मारलाय तिला! आई अजून सांगते नि हसते."

सगळे ओरडले. "काय गं, हिरोइनलाच व्हिलन केलंस!" तुमची नात म्हणाली, "मग ती सूड कोणावर घेणार? स्वतःवर?" आणि परत हशा.

मी दारात उभी होते. हातात उलथनं होतं. मी त्या मुलीला म्हटलं, "आधी दोन वाक्यं नीट बोलायला शीक, मग दुसऱ्यांच्या गोष्टी सोडव."

"सॉरी काकू," ती म्हणाली आणि खाली बघून खाऊ लागली. तुमची नात माझ्याकडे बघत राहिली. मी आत जाऊन पुढचं घावन घातलं. ते करपलं. ती मुलगी अगदी तुमच्यासारखं बोलत होती, बाबा.

तुम्हाला बॉयलरच्या आवाजावरून पाणी किती आहे ते कळायचं. बॉयलर चालवायच्या सर्टिफिकेटाची परीक्षा तुम्ही तोंडी दिली होती. लिहायचं म्हटलं की हात जड. वही इंग्रजीतली, तासातासाची, आणि गिरणीच्या शेठच्या कारकुनाला अक्षर सुंदर हवं. म्हणून तुम्ही दिवसभराचे आकडे विडीच्या बंडलाच्या कागदावर रेघा मारून आणायचात, आणि संध्याकाळी चुलीजवळ बसून मी ते वहीत उतरवायची. आई भाकऱ्या थापायची, तुम्ही एकेक रेघ वाचून दाखवायचात. मला त्या वेळी तो आपला दोघांचा अभ्यास वाटायचा. मग माझं कॉलेजचं शेवटचं वर्ष आलं, आणि मी वैतागले. "रोज तेच आकडे. सात, सात, साडेसहा, अर्धी काच. दर रविवारी पुढचा सगळा आठवडा भरून देते, तिकडेच ठेवा वही." तुम्ही डोकं खाजवलंत आणि म्हणालात, "फुडचं आदी लिवू नये गो." मी म्हटलं, "मग तुम्हीच लिहा." हे मी म्हटलं. मला स्वर आठवतो.

त्यानंतर तुम्ही वही रविवारीच घरी आणायला लागलात, आणि मी तीन रविवार पुढचे आठवडे भरले. तिसऱ्या आठवड्यात बॉयलरला पाणी पुरवणारा पंप अडायला लागला. सोमवारी तुम्ही शेठला सांगितलंत, मंगळवारी परत सांगितलंत. तो म्हणाला, हंगाम संपू दे. बुधवारी दुपारी काचेतलं पाणी दिसेनासं झालं. तुम्ही भट्टीतली आग बाहेर ओढायला धावलात, तेवढ्यात बॉयलर फुटला. अंगणात उकडा भात पसरणारी बाई पाठीवर भाजली आणि नवव्या दिवशी गेली. तिच्या घरी आपण गेलो नाही. तुम्ही एकटेच जाऊन आलात, आणि काय झालं ते सांगितलं नाहीत.

पंप तीन दिवस अडत होता हे दाखवायला तुमच्याकडे काय होतं? विडीचे कागद तुम्ही आणणं सोडलं होतं, कारण मी ते मागणं सोडलं होतं. वहीत मात्र पाणी अर्धी काच. सोमवारी, मंगळवारी, बुधवारी फुटल्यानंतर चार वाजता, आणि शनिवारी संध्याकाळीसुद्धा. जो बॉयलर उरलाच नव्हता त्याचं पाणी मी सुंदर अक्षरात नीट राखलं होतं.

चौकशीला सरकारी साहेब येणार त्या सकाळी मी तुमच्याबरोबर गिरणीत आले, इंग्रजी लागलं तर म्हणून. शेठने तुम्हाला आत बोलावलं. मी बाहेरच्या बाकावर होते, दार लोटलेलं होतं, शेठचा आवाज येत होता. "पंपाचं तू बोलू नकोस, अक्षराचं मी बोलत नाही. पोरगी शिकतेय ना? शिकू दे." तुम्ही "बरं" म्हणालात. साहेब आले, वही उघडली, विचारलं कोणी लिहिलं. तुम्ही म्हणालात, "मीच लिवलं." ते वहीकडे बघत राहिले, मग माझ्याकडे, मग वही मिटली. सर्टिफिकेट गेलं. पुढची अकरा वर्षं तुम्ही दुसऱ्यांच्या बांधकामांवर राखणीला बसलात. पदवी घेऊन घरी आले त्या दिवशी मी म्हटलं, "बाबा, ती वही..." तुम्ही म्हणालात, "भाकर घे. निवते."

लोक म्हणतील, बापाने मुलीला वाचवलं. मला ते ऐकवत नाही. तुम्ही मला विचारलं नाहीत. मी वीस वर्षांची होते, मला बोलता येत होतं. माझी चूक माझ्या हातातून काढून घेतलीत आणि त्या बाईच्या घरी ती तुम्ही एकटे घेऊन गेलात. मग मला त्या चुकीचं काही करता येईना. तुम्ही गेल्यावर मी ती शेठला देऊन टाकली. आधी नवऱ्याला सांगितलं, मालकाने वही बदलली. मग मुलीला. तीस वर्षं शाळेत शिकवलं, खोटा गृहपाठ मी नुसत्या नजरेने ओळखायची, मुलं चळचळ कापायची. शेठ पंपाचा गुन्हेगार होताच, म्हणून वहीचाही केला. कोण विचारायला येणार होतं?

आज गुरुवार. तुमची नात सकाळी कर्नाळ्याला गेली. पक्षी पंख कसे मिटतात ते बघून तिला यंत्राचे पंख काढायचे आहेत. निघताना चप्पल घालता घालता म्हणाली, "आई, शेवटचं विचारते. शेठनेच बदलली ना वही? उद्याचा भाग फायनल करते. एकदा गेला की मागे नाही घेता येत." मी म्हटलं, "कर." ती थांबली. "रविवारी त्या मुलीला एवढं का बोललीस?" मी म्हटलं, "तुला उशीर होतोय."

तिच्या कथेखाली वाचक जे लिहितात ते आधी माझ्याकडे येतं. शिव्या आणि घाण गाळायचं काम तिने मला दिलं आहे. मी हो म्हटलं की ते सगळ्यांना दिसतं. सोमवारी त्या कामोठ्याच्या मुलीने लिहिलं. 'नोंदी मुलीनेच लिहिल्या असाव्यात, असे मला अजूनही वाटते. तिने ते वाईट हेतूने केले नसेल.' एक चूक नाही, बोलीतला एक शब्द नाही. दोनदा-तीनदा खोडून लिहिलं असणार. माझ्या बोलण्याचा तेवढा उपयोग झाला. गेले तीन दिवस मी टाइम ट्रॅव्हलवाल्यांना सोडते आहे, बाप जिवंत आहे म्हणणाऱ्यांनाही सोडते आहे. तिचं तेवढं अडवून ठेवलं आहे.

हा कागद लिहून झाला की फाडणार आहे. तुमच्याशी वाद घालायचा होता, तो घातला. एकच राहिलं. रविवारी त्या मुलीवर मी चिडले ते तिने ओळखलं म्हणून, असं मी स्वतःला सांगत होते. ते खरं नाही. त्या मुलीच्या आईने आपण मिठागरावर खोटी हजेरी लिहायचो हे आपल्या मुलीला सांगितलं, वर हसत सांगितलं. मला तिचा हेवा वाटला.