चुकीची घंटा चुकीचीच राहू देण्याबाबत

प्रति,
मा. देखभाल अधिकारी,
ज्येष्ठ व दिव्यांग सवलत गृहनिर्माण कार्यालय

विषय: न्हाणीघरातील मदतीची घंटा दुरुस्त न करण्याबाबत.
संदर्भ: आपली जिन्यात चिकटवलेली सूचना. (अर्जदार चाकाच्या खुर्चीवर असल्याने जिन्यात जात नाही. पोस्टमनने वाचून दाखवली.)

महोदय,

१. अर्जदार ही निवृत्त शिंपीण असून दुसऱ्या मजल्यावर राहते. खुर्चीसाठी आपण बांधलेला उतार जिथे संपतो, तिथे तीन पायऱ्या सुरू होतात. न्हाणीघरातला आधाराचा दांडा आधार घेताक्षणी हातात आला. लिफ्टबद्दल अर्जदार बोलत नाही. गेलेल्यांबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. यांपैकी कशाचीही दुरुस्ती आपण हाती घेतलेली नाही.

२. हाती घेतलीत ती नेमकी घंटा! दोरी ओढली की ती आपल्या कार्यालयात वाजावी, असा नियम. वायरमनने तारांची अदलाबदल केल्याने अर्जदाराची घंटा समोरच्या घरात वाजते आणि समोरची अर्जदाराकडे. समोर राहतात एक निवृत्त बस कंडक्टर, दोन काठ्यांवर चालणारे. उभयतांमधून तेव्हा विस्तवही जात नसे. एके सकाळी अर्जदार न्हाणीत पडली व तिने दोरी ओढली. हे गृहस्थ "कोण मेलंय सकाळी सकाळी?" असे ओरडत दार लोटून आले, टॉवेल फेकला, तोंड फिरवून उभे राहिले आणि म्हणाले, "सावकाश उठा, गाडी थांबलीये." पुढे दोनदा अर्जदारही त्यांच्याकडे खुर्ची पिटाळत गेली आहे.

३. तिसऱ्या मजल्यावरच्या गाण्याच्या मास्तरांची घंटा मात्र नियमाप्रमाणे जोडलेली. ते शनिवारी संध्याकाळी पडले. घंटा आपल्या कुलूपबंद कार्यालयात सोमवारपर्यंत इमानेइतबारे वाजत होती. मास्तर वाचले, अजून इस्पितळात आहेत. तेव्हापासून अर्जदाराला भीती वाटते, साहेब. खरंच वाटते.

४. तरी येत्या सोमवारी वायरमन पाठवू नये. पाठवणे अटळच असेल, तर मास्तरांची घंटाही कुणा शेजाऱ्याकडे चुकीची जोडून द्यावी.

आपली नम्र, परंतु या एका बाबतीत हट्टी,
अर्जदार
(दुसरा मजला, डावीकडचे घर)
दिनांक: आज गुरुवार, म्हणजे हाती फार वेळ नाही.

सोबत:
१. आधाराचा दांडा.
२. समोरच्या गृहस्थांचा जबाब, त्यांच्याच शब्दांत:

"बाईंनी लिहिलंय ते खरं आहे. फक्त टॉवेल मी फेकला नाही, दिला. त्यांना आत येता यावं म्हणून मी दाराला कडी लावत नाही. तारा बदलल्यात की लावायला लागेन. मग उघडी ठेवायची कुणासाठी?"